ओव्यानं आतडं फुटत नाही

पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी मूळची वाळवा तालुक्यातली, सध्या पुण्यात नोकरी करते. माझे वडील, आबा, ६९ वर्षांचे. माळकरी आहेत, अजून शेतात राबतात. त्यांना कितीतरी वर्षांपासून गॅसचा त्रास. जेवण झालं की पोट इतकं गुरगुरायचं की नातवंडं हसायची. दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीनं जठर तपासलं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल आलं. तेव्हाच पायाला मुंग्या येतात म्हणून बी-१२ ची इंजेक्शनं दिली होती. गुडघ्यांसाठी ते मेडिकलमधून गोळ्या आणून घेतात.

यंदा मार्चमध्ये एका संध्याकाळी पोट दुखायला लागलं. आईचा फोन आला. मी म्हणाले, गॅसच असेल, ओवा आणि गरम पाणी दे, सकाळी बघू. शेजारच्या काकूंनी बेंबी सरकली म्हणून पोट चोळून दिलं. पहाटे थंडी वाजून आली, सांगलीला पोहोचेपर्यंत पोट लाकडासारखं कडक झालं होतं. डॉक्टर म्हणाले, अल्सर फुटला असावा. उघडल्यावर अल्सर नव्हताच. लहान आतड्याला पिशव्या झाल्या होत्या, त्यातली एक फुटली होती. अडीच फूट आतडं काढलं. बारा दिवसांनी आबा घरी आले.

आता दादा म्हणतो, आधीच्या डॉक्टरांनी निदान चुकवलं, तक्रार करायची. भाचा म्हणतो, हे जन्मापासूनच असतं, लहानपणीच काढायला हवं होतं, आता आपल्या सगळ्यांना तपासून घ्यावं लागेल. कार्डावर लिहिलंय की काही पिशव्या आत तशाच ठेवल्यात. त्या पुन्हा फुटतील का? जेवणाचं काय? आबा रोज विचारतात, आषाढीला जाऊ का. आणि मला रात्री झोप येत नाही. मी ओवा सांगितला नसता तर?

उत्तर

ताई, प्रश्न पाच-सहा आहेत, पण झोप उडवणारा एकच आहे. त्याचं उत्तर आधी देते. ओव्यानं आतडं फुटत नाही. गरम पाण्यानंही फुटत नाही. आईचा फोन आला तेव्हा आबांच्या पोटातली ती पिशवी सुजलेली होती किंवा फुटायला लागली होती, आणि तुम्ही फोनवर काय बोललात यानं तिच्यात काही फरक पडला नाही. ज्या पोटाला इतकी वर्षं ओव्यानं उतार पडत होता, त्याच पोटाला तुम्ही तोच उपाय सांगितलात. तुमच्या जागी मी असते आणि डॉक्टर नसते, तर मीही तेच सांगितलं असतं.

मात्र तुमची समजूत काढायची म्हणून खोटं बोलणार नाही. रात्रीचे तास गेले, आणि आतडं फुटल्यावर तासांना किंमत असते. लवकर पोहोचला असतात तर पोटात घाण कमी पसरली असती, दवाखान्यातले दोन-चार दिवस कदाचित वाचले असते. ऑपरेशन बहुधा टळलं नसतं. जवळजवळ सत्तरीचा माणूस, लहान आतडं फुटलेलं, आणि बाराव्या दिवशी घरी. या आजारात सगळेच घरी येत नाहीत. आई पहाटेच निघाली, उजाडायची वाट बघत बसली नाही, तिथे तुम्ही सगळ्यांनी वेळ वाचवलात. तेही हिशेबात धरा.

आता आबांना झालं काय ते समजून घ्या. ते समजलं की दादाच्या आणि भाच्याच्या प्रश्नांची उत्तरं बरीचशी आपोआप मिळतात.

लहान आतडं पाच-सहा मीटर लांब असतं, पण ते पोटात सुटं पडलेलं नसतं. पोटाच्या मागच्या भिंतीपासून एक पातळ पडदा निघतो आणि त्याच्या काठाला आतडं शिवल्यासारखं जोडलेलं असतं. पडद्याचं मूळ जेमतेम वीतभर, साधारण १५ सेंटिमीटर, आणि काठ मात्र पाच-सहा मीटर. नऊवारीच्या निऱ्या आठवा. कमरेपाशी मूठभर, खाली केवढा घेर. याच पडद्यातून रक्तवाहिन्या आतड्याच्या भिंतीत शिरतात, आणि जिथे शिरतात तिथे भिंतीतल्या स्नायूच्या थरात बारीक फट असते. ती जागा कच्ची. वय वाढतं, आतड्याच्या आकुंचनाची लय बिघडते, आतला दाब वाढतो, आणि हळूहळू आतलं अस्तर त्या फटीतून बाहेर फुगायला लागतं. सायकलचा टायर चिरला की आतली ट्यूब फुगा काढते, अगदी तसं. टायर म्हणजे स्नायू, ट्यूब म्हणजे अस्तर. त्या फुग्याला स्नायूचं पाठबळ नसतं, म्हणून त्याची भिंत पातळ.

वैद्यकात या पिशवीला डायव्हर्टिक्युलम म्हणतात, अनेक असल्या की डायव्हर्टिक्युला. आबांच्या कार्डावर ‘जेजुनल’ हा शब्द असणार. लहान आतड्याचा जठराला लागून असलेला पहिला भाग ड्युओडेनम, मधला जेजुनम, शेवटचा इलियम. ड्युओडेनममधल्या पिशव्या त्यातल्या त्यात जास्त सापडतात आणि बहुतेक वेळा जन्मभर गप्प असतात. जेजुनममधल्या कमी. वेगवेगळ्या पाहण्यांत आकडा साधारण अर्ध्या टक्क्यापासून सव्वादोन टक्क्यांपर्यंत येतो, आणि ही माणसं बहुतेक साठी ओलांडलेली असतात. त्यातल्याही बऱ्याच जणांना आयुष्यात कधी पत्ता लागत नाही. फुटण्यापर्यंत वेळ येते ती थोड्यांवर.

मी शिकाऊ डॉक्टर होते तेव्हाची एक रात्र सांगते. म्हातारे गृहस्थ, पोट कडक, आम्ही अपेंडिक्स फुटलं असं धरून पोट उघडलं. आत पू होता, पण अपेंडिक्स धड होतं. माझे सर म्हणाले, धुवायची घाई करू नकोस, आतडं पहिल्यापासून हातात घे. जपमाळ ओढावी तसं मी वीत वीत करून सगळं आतडं बोटांतून सरकवलं. मला काही दिसलं नाही. तसं सांगितलं. सरांनी वरच्या बाजूचा एक वेढा उचलला, पडदा ताणला आणि दिव्यासमोर धरला. मग दिसलं. आतड्याच्या ज्या बाजूला पडदा जोडलेला असतो त्या बाजूला, चरबीत दडलेले, द्राक्षाएवढे निळसर फुगे. उजेड त्यांच्यातून आरपार येत होता, इतकी पातळ कातडी. एकाला तुरीच्या डाळीएवढं भोक, त्याच्या कडा काळ्या पडलेल्या, आणि भोकात मेथीच्या पानाचा तुकडा अडकलेला. मी त्याच वेढ्यावरून एकदा हात फिरवून पुढे गेले होते.

हे दादाला वाचून दाखवा. पोट उघडलेलं, आतडं हातात, तरी ते नजरेतून सुटतं. मग बाहेरून कसं दिसणार? दोन वर्षांपूर्वी आबांच्या तोंडातून घातलेली दुर्बीण ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागापर्यंत जाते आणि तिथून मागे फिरते. खालून घालतात ती दुर्बीण सगळं मोठं आतडं पाहून फार तर लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात डोकावते. मधलं सगळं अंतर दोघींच्याही आवाक्याबाहेरचं. सोनोग्राफीला हवेतून पलीकडचं दिसत नाही, आणि आतड्यात तर हवा असतेच. या पिशव्या दाखवणारी त्यातल्या त्यात चांगली तपासणी म्हणजे सीटी स्कॅन, आणि त्यातही त्या आतड्याच्या वेढ्यांत मिसळून जातात, बघणाऱ्याच्या मनात शंका असावी लागते. नुसतं पोट गुरगुरतं आणि गॅस होतो म्हणून साठ-सत्तरीच्या प्रत्येक माणसाचा सीटी काढायला कुणी सांगणार नाही. मीही सांगत नाही.

आणि सांगलीच्या डॉक्टरांनी आधी ‘अल्सर’ म्हटलं त्यात गैर काही नाही. कडक पोट आणि एक्स-रेत छातीच्या पडद्याखाली हवा दिसली की जठराचा किंवा ड्युओडेनमचा अल्सर फुटला हेच सगळ्यात आधी मनात येतं, कारण तेच सर्रास घडतं. अंदाज चुकला, पण पोट उघडायचा निर्णय बरोबर होता. उघडल्यावर अल्सर दिसला नाही तेव्हा ते थांबले नाहीत, शोधत राहिले आणि पिशवी सापडेपर्यंत शोधलं. दादाला खरंच काही करायचं असेल तर त्यानं ऑपरेशनच्या नोंदीची प्रत आणि काढलेल्या तुकड्याचा बायोप्सी रिपोर्ट मागून घ्यावा. तो आबांचा हक्क आहे, आणि पुढे उपयोगी पडणारी चीज तीच आहे. तक्रारीला जागा कुठे असते? पोट लाकडासारखं झालेल्या माणसाला कुणी नुसतं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं असतं तर मी स्वतः तुम्हाला तक्रार करा म्हणाले असते. तुमच्या बाबतीत तसं घडलेलं नाही.

पोटाच्या गुरगुरण्यावर मात्र मला थांबायचंय. विल्यम ऑस्लर हे वैद्यकातलं मोठं नाव. त्यांनी १८८१ साली अशाच पिशव्या असलेल्या एका रुग्णाची हकिगत लिहून ठेवली आहे. त्या गृहस्थाचं पोट जेवणानंतर इतकं मोठ्यानं वाजायचं की लांबच्या माणसालाही ऐकू जाई, म्हणून जेवण झालं की तो लोकांपासून दूर फिरायला निघून जायचा. तुमच्या पत्रातलं नातवंडांचं वाक्य वाचलं आणि मला तो माणूस आठवला. याचा अर्थ वाजणारं प्रत्येक पोट तपासायचं असा नाही, निरोगी पोटंही वाजतात. पण आबांचा ‘गॅस’ हे नुसतं म्हातारपणाचं कुरकुरणं नव्हतं, त्याला बहुधा कारण होतं. त्यांना हे आवर्जून सांगा. कित्येक वर्षं आपलं दुखणं कुणी मनावर घेत नाही असं वाटत असलेल्या माणसाला ते ऐकून बरं वाटतं.

बी-१२ चंही तसंच. पिशवीत अन्नरस साचून राहतो, डबक्यातल्या पाण्यासारखा. तिथे जिवाणू माजतात आणि अन्नातलं बी-१२ शरीराला मिळायच्या आत तेच वापरून टाकतात. त्यातून रक्त कमी होणं, पायाला मुंग्या, कधी तेलकट पातळ शी, वजन उतरणं. आबा माळकरी आहेत, मांसमच्छी-अंडं नाही, त्यामुळे त्यांचं बी-१२ नुसत्या आहारानंही कमी असू शकतं. ज्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली त्यांनी तसंच धरलं असणार आणि ते रास्त होतं. दोन्ही कारणं एकत्रही असतील. आता मात्र वर्षातून एकदा बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासायचं, आणि कमी निघालं तर ‘पुन्हा इंजेक्शन घ्या’ एवढ्यावर न सोडता डॉक्टरांना पिशव्यांची आठवण करून द्यायची. जिवाणू माजले असतील तर त्याला वेगळं औषध असतं.

भाच्याला नेटवर जे सापडलं ते दुसऱ्याच एका पिशवीबद्दल आहे. तिचं नाव मेकेलची पिशवी. योहान फ्रीडरिश मेकेल या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८०९ साली ती कुठून येते ते नीट उलगडून सांगितलं. गर्भात आतड्याला एक नळी जोडलेली असते. ती सुरुवातीच्या काही आठवड्यांत विरून जायची असते, काहींमध्ये तिचा तुकडा मागे राहतो. शंभरात साधारण दोघांना, लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथून सुमारे दोन फूट अलीकडे, लांबी दोन इंचांच्या आसपास. आमच्या विद्यार्थ्यांना हे दोनाच्या पाढ्यासारखं पाठ असतं. ती एकटीच असते, जन्मजात असते, पडद्याच्या विरुद्ध बाजूला असते आणि तिच्या भिंतीत स्नायूसकट सगळे थर असतात. आबांच्या पिशव्या यातल्या कशातच बसत नाहीत. त्या वयानं आल्या. म्हणून तुम्हा भावंडांनी किंवा मुलांनी तपासण्या करत सुटायची काही गरज नाही. पैसे आणि काळजी दोन्ही वाचवा.

हे वाचणाऱ्या आईबापांसाठी एवढंच सांगते. मेकेलच्या पिशवीत कधी कधी जठराचं अस्तर असतं, ते आम्ल सोडतं, शेजारच्या आतड्याला जखम होते. लहान मुलाला पोटात न दुखता अचानक भरपूर लाल किंवा काळपट लाल शी झाली, तर मूळव्याध समजून घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यासाठी एक खास स्कॅन असतो, आणि निदान झालं की ऑपरेशननं मूल बरं होतं.

आता आत राहिलेल्या पिशव्या. सर्जननं त्या विसरल्या नाहीत, विचार करून ठेवल्या. पाच-सहा मीटर आतड्यातलं अडीच फूट, म्हणजे पाऊण मीटर, गेलं तर पचनाला फारसा फरक पडत नाही. उरलेलं आतडं दोन मीटरच्या खाली आलं की मात्र माणूस कितीही खाल्लं तरी वाळत जातो. फुटलेला भाग काढला, शेजारचा खराब भाग काढला आणि गप्प बसलेल्या पिशव्यांसाठी आणखी आतडं कापायचं नाही, हाच शहाणपणा. मीही तेच केलं असतं. त्या पुन्हा त्रास देतीलच असं नाही, बहुतेक वेळा देत नाहीत. पण देणारच नाहीत अशी हमी कुणी देऊ शकत नाही, म्हणून त्या कसा त्रास देतात ते घरच्यांना माहीत हवं.

एक म्हणजे सूज आणि फुटणं, ते तुम्ही पाहिलंत. सूज तिथल्या तिथे राहिली असेल तर तोंडानं काही न देता, सलाईन आणि अँटिबायोटिकवर, ऑपरेशनशिवायही रुग्ण बरे होतात. दुसरं, रक्तस्राव. पिशवीच्या तोंडाशीच रक्तवाहिनी असते, ती उघडी पडली की शीमधून लाल, काळपट लाल किंवा डांबरासारखं काळं रक्त जातं, चक्कर येते, घाम फुटतो. तिसरं, आतडं अडणं: फुगलेलं पोट, हिरवट उलट्या, शी नाही आणि वारा सरणंही बंद. हे पिशवीत साचून घट्ट झालेल्या खड्यानं होतं, कधी आतड्याला पीळ पडून, आणि आता आबांचं पोट एकदा उघडलेलं असल्यामुळे आतल्या चिकटण्यांमुळेही होऊ शकतं. तिन्हींत घरी थांबायचं नाही.

पण तुमचा खरा प्रश्न, मला वाटतं, असा आहे: पुढच्या वेळी गॅस कुठला आणि हे कुठलं, कसं ओळखू? त्यावर जरा सविस्तर लिहिते.

पोटशूळाचा माणूस लोळतो. उठतो, बसतो, पाय पोटाशी घेतो, येरझाऱ्या घालतो. कळ येते आणि ओसरते. आतडं फुटलेला माणूस हलत नाही. तो जिथे आडवा झाला तिथेच पडून राहतो, श्वाससुद्धा वरच्यावर घेतो, कारण पोट हललं की कळ मस्तकात जाते. आईला विचारा, गाडीत काय झालं. मला खात्री आहे, प्रत्येक स्पीडब्रेकरला आबा कळवळले असतील. हे मी प्रत्येक नातेवाइकाला विचारते, आणि त्या उत्तरातून मला हात लावायच्या आधीच बरंच कळतं. त्यांना खोकायला सांगा. खोकताना एका हातानं पोट धरून ते कण्हले, तर पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आलीय असं समजा. नेहमी वाजणारं पोट अचानक गप्प झालं तर त्याचा आनंद मानू नका.

तास मोजा. सर्जरी शिकणाऱ्यांना एक जुना दंडक सांगतात: एरवी बऱ्या असलेल्या माणसाचं पोट सहा तासांहून जास्त वेळ सलग, जोरात दुखत असेल तर ते सर्जनला दाखवायचं दुखणं समजावं. आबांसाठी तुम्ही तो तीन तासांचा करा. आणि वयस्कर माणसाच्या पोटावर विश्वास ठेवू नका. सत्तरीत ताप येतोच असं नाही, पोट कडक होतंच असं नाही. मधुमेह असला, स्टिरॉइड चालू असलं, किंवा आबांसारख्या वेदनाशामक गोळ्या पोटात गेलेल्या असल्या, तर आत फुटलेलं असूनही माणूस नुसता ‘जरा बरं वाटत नाही’ म्हणतो. अशा वेळी नाडी बघा, जोरात पळत असते. जीभ कोरडी पडते, लघवी कमी होते, माणूस असंबद्ध बोलतो. ही लक्षणं दिसली की पोट किती दुखतंय याची वाट बघायची नाही.

शेजारच्या काकूंनी मायेनं केलं, त्यांना बोल लावू नका. पण यापुढे दुखणारं पोट चोळायचं नाही, कुणी कितीही बेंबी बसवणारं असो. एरंडेल नाही, एनिमा नाही. अशा दुखण्यात तोंडानं काहीच द्यायचं नाही, ओवाही नाही. कारण ओवा वाईट आहे म्हणून नव्हे, भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं म्हणून.

त्या गुडघ्यांच्या गोळ्यांबद्दल मला राग आहे, तुमच्यावर नाही, त्या इतक्या सहज मिळतात याच्यावर. डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या आतड्याच्या अस्तराला जखमा करतात, रक्तस्रावाला आणि फुटण्याला हातभार लावतात, आणि वर दुखणं झाकून ठेवतात. घरातलं पाकीट आजच काढून टाका. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, शेक, आणि हाडांच्या डॉक्टरांचा सल्ला. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र आपल्या मनानं बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. तंबाखू असेल तर ती सोडायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही.

जेवणाचं सोपं आहे. सुरुवातीचे काही आठवडे मऊ भात, वरण, ताक, शिजवून मऊ केलेल्या भाज्या, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. मग हळूहळू भाकरी, आधी दुधात कुस्करून. दोनेक महिन्यांत नेहमीचं ताट. तीळ, शेंगदाणे, द्राक्षाच्या बिया पिशवीत जाऊन अडकतात असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मोठ्या आतड्यातल्या अशाच पिशव्यांच्या बाबतीत हे तपासून पाहिलं गेलंय आणि दाण्याबियांचा दोष निघालेला नाही. आबांना दाण्याच्या चटणीपासून तोडू नका. एकादशी सध्या निर्जळी नको. फळं-दूध घेऊन करतील तर करू द्या.

एक काम मात्र या आठवड्यात करा. एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘जेजुनल डायव्हर्टिक्युलोसिस. एक पिशवी फुटल्यामुळे ऑपरेशन.’ खाली तारीख, किती आतडं काढलं, काही पिशव्या आत आहेत, ॲलर्जी असल्यास ती, चालू औषधं, तुमचा आणि दादाचा नंबर. मूळ कागदपत्रं घरी फाईलमध्ये, फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये. उद्या रात्री दोन वाजता अनोळखी गावातल्या अनोळखी डॉक्टरपुढे आबा झोपलेले असतील, तर त्या एका ओळीनं डॉक्टरांना पहिला सीटी कशासाठी काढायचा ते कळेल. एवढा दुर्मीळ आजार कुणाच्या मनात आपणहून येत नाही. मनात आणून द्यावा लागतो.

आणि आता आबांचा प्रश्न. ऑपरेशन मार्चमध्ये झालं, म्हणजे आषाढीपर्यंत तीन-साडेतीन महिने होतील. पोटावर मधोमध घेतलेली चीर आतून घट्ट व्हायला एवढा वेळ लागतोच, तोवर पाण्याची घागर, खताचं पोतं, उसाची मोळी काही उचलायचं नाही, नाहीतर त्या जागी हर्निया येतो. टाके कोरडे, वजन परत भरत आलेलं, हिमोग्लोबिन बरं, आणि सर्जननं हात लावून ‘हो’ म्हटलेलं, एवढं जमलं तर जाऊ द्या. पूर्ण वाट यंदा नको. वेळापूरला पालखीत सामील व्हावं, तिथून भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर एवढंच चालावं, आणि तेही दमले की दिंडीच्या ट्रकमध्ये बसायचं या अटीवर. सामानाची पिशवी खांद्यावर घ्यायची नाही, ती ट्रकमध्ये. पाणी उकळलेलं किंवा बाटलीतलं. दिंडीतल्या एका धडधाकट माणसाला पोटाच्या खुणा नीट समजावून ठेवा, आणि तो कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आबांच्या बंडीच्या आतल्या खिशात शिवून टाका, कारण वाखरीच्या रिंगणापर्यंत पाऊस गाठतोच.